‘क्वेंच’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व उपयोग

शब्दाचा अर्थ सांगणे हे शिक्षकाचे नित्याचे काम आहे; आणि जे काम नित्याचे असते त्यातच आपल्या हातून नकळत चुका होत असतात. फळ्याच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द लिहावा, उजव्या बाजूस त्याचा मराठी प्रतिशब्द लिहावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून पाठ करावा, ही रीत आपल्या शाळांतून सर्वत्र रूढ आहे. ‘बुक’ म्हणजे पुस्तक व ‘काऊ’ म्हणजे गाय एवढ्यापुरती ती निभावते. परंतु क्रियापदांच्या बाबतीत ती बहुधा फसवी ठरते. क्रियापदाचा अर्थ एका प्रतिशब्दात मावत नाही. ते कोणत्या कर्माबरोबर येते यावर तो पुष्कळसा अवलंबून असतो. सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाऊ लागली. त्यामुळे पूर्वी हायस्कुलातील शिक्षकासमोर उभे राहणारे हे प्रश्न आता खेड्यातील प्राथमिक शिक्षकासमोरही उभे राहतात. प्रस्तुत लेखात ‘क्वेंच’ हे एकच क्रियापद उदाहरणादाखल घेतले आहे.

या शब्दाकडे माझे लक्ष कसे वेधले गेले ते प्रथम सांगतो. एका लहानशा गावी सातवीच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवीत होतो. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट शिकविताना ‘क्वेंच’ हा शब्द आला. मी फळ्यावर ‘क्वेंच म्हणजे तहान भागविणे’ असे लिहून दिले व पुढे गेलो. काही दिवसांनी भाषांतरासाठी एक वाक्य दिले : ‘द स्मिथ क्वेंच्ट द हॉट आयर्न इन वॉटर.’ बहुतेक मुले अडली. एका मुलीने मात्र लिहिले, ‘लोहाराने तापलेल्या लोखंडाला पाणी पाजले.’ मी ते वाचून हसलो, वर्गही हसला, आणि मी तांबड्या शाईने त्यावर फुली मारली. लोखंड का पाणी पिते, असे मी तिला विचारलेही. ती लोहाराची मुलगी होती. ती खाली मान घालून म्हणाली, “गुरुजी, आमच्या घरी असंच म्हणतात.” त्या दिवसापासून तिने वर्गात आपण होऊन उत्तर देण्यासाठी हात वर केला नाही.

पुढे एकदा कोयत्याला धार लावून घेण्यासाठी मी लोहारसाळेत गेलो असता तिच्या वडिलांनी लालबुंद तापलेले पाते सांडशीने धरून पाण्यात बुडविले व शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगितले, “आता याला पाणी पाजलं, आता टिकेल.” तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. मुलीचे भाषांतर केवळ बरोबर होते एवढेच नव्हे, तर ते उत्कृष्ट होते. चूक माझ्या फळ्यावरच्या प्रतिशब्दाची होती.

मूळ अर्थ

‘क्वेंच’चा मूळ अर्थ ‘तहान भागविणे’ असा नाही, तर ‘विझविणे’ असा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘क्विंकन्’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘विझणे, मावळणे’. त्याचे प्रयोजक रूप ‘क्वेंचन्’, म्हणजे ‘विझविणे’. पहिले क्रियापद काळाच्या ओघात लुप्त झाले. दुसरे ‘क्वेंच’ या रूपाने आजही प्रचारात आहे.

मराठी शिक्षकास हा प्रयोजकाचा प्रकार परका वाटू नये. आपण ‘पडणे’वरून ‘पाडणे’, ‘मरणे’वरून ‘मारणे’, ‘पिणे’वरून ‘पाजणे’ अशी रूपे करतो. इंग्रजीतही स्वर पालटून अशीच रूपे होत असत. ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर ‘फेल’ म्हणजे, विशेषतः झाडाच्या बाबतीत, पाडणे. ‘सिट’ म्हणजे बसणे, तर ‘सेट’ म्हणजे बसविणे, ठेवणे. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे, तर ‘ड्रेंच’ म्हणजे मूळ अर्थाने पाजणे. आज ‘ड्रेंच’ हा शब्द मुख्यतः ‘चिंब भिजविणे’ या अर्थी येतो. तथापि गुराला नळीने औषध पाजणे या अर्थी पशुवैद्यकात तो अजूनही वापरतात. ‘ड्रिंक–ड्रेंच’ ही जोडी मुलांच्या कानांवर घातली म्हणजे ‘क्वेंच’ची घडण त्यांच्या सहज लक्षात राहते.

शब्दाच्या लेखनासंबंधीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्राचीन इंग्रजीत हा शब्द आज आपण ‘क’साठी योजतो त्या ‘सी’ अक्षराने व त्यापुढे ‘डब्ल्यू’च्या ध्वनीने लिहिला जात असे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखकांनी या ध्वनीसाठी ‘क्यू’ व ‘यू’ ही जोडी रूढ केली. ‘क्वीन’ आणि ‘क्विक’ या शब्दांची वर्णरचना अशीच बदलली. इंग्रजी शब्दांत ‘क्यू’मागोमाग प्रायः ‘यू’ का येतो, असे मुले विचारतात. त्यांना हे उत्तर देता येईल.

अग्नी आणि तहान

जो शब्द आग विझविण्याचा, तो तहानेला कसा लागला? याचे उत्तर कोणत्याही तहानलेल्या माणसास विचारावे. वैशाखात दुपारी तीन कोस चालून आलेला मनुष्य घसा कोरडा पडला, जिवाची काहिली झाली, अंगाची आग होते, असे म्हणतो. तहान ही एक आग आहे अशी कल्पना केली, की पाणी पिणे म्हणजे ती आग विझविणे हे ओघानेच येते.

ही कल्पना केवळ इंग्रजांची आहे असे नाही. इंग्रजीतील ‘थर्स्ट’ आणि संस्कृतातील ‘तृषा’ हे शब्द एकाच अतिप्राचीन धातूपासून निघालेले आहेत व त्या धातूचा अर्थ ‘कोरडे होणे, वाळणे’ असा आहे. भाजून कोरडा केलेला पाव, म्हणजे ‘टोस्ट’, हा शब्दही लॅटिनमार्गे त्याच कुळातून आलेला आहे. संस्कृत ‘तृष्णा’चे प्राकृतात ‘तण्हा’ झाले व ‘तण्हा’ची मराठीत ‘तहान’ झाली. म्हणजे आपली तहान आणि इंग्रजांची ‘थर्स्ट’ या दूरच्या बहिणीच होत. भगवान बुद्धांच्या उपदेशात दुःखाचे मूळ ‘तण्हा’ असे सांगितले असून, ज्या ‘निर्वाणा’ने तिचा अंत होतो त्या शब्दाचा मूळ अर्थ, दिव्याची ज्योत मालवावी तसे विझणे, असा आहे. तहान आणि विझणे या दोन कल्पनांची सांगड आपल्या भूमीतही फार पूर्वीच घातली गेली होती.

मराठीत ‘तहान भागविणे’ हा प्रयोग सर्वांत रूढ आहे. परंतु ‘भागविणे’ या शब्दात आगीची कल्पना नाही. गरज पुरी करण्याची आहे. ‘क्वेंच’ला अधिक जवळचा शब्द ‘शमविणे’ हा होय. आग शमते, तहान शमते, राग शमतो, वादळही शमते. म्हणून वरच्या इयत्तांत या क्रियापदाचा परिचय करून देताना ‘क्वेंच म्हणजे विझविणे, शमविणे; तहानेच्या बाबतीत भागविणे’ असे फळ्यावर लिहावे. या एका ओळीने पुढील पुष्कळ घोटाळे टळतात.

चार प्रमुख उपयोग

‘क्वेंच’ या क्रियापदाचे आज प्रचारात असलेले प्रमुख उपयोग चार आहेत.

पहिला, आग वा ज्वाला विझविणे. ‘द रेन क्वेंच्ट द फायर’ म्हणजे पावसाने आग विझविली. हा प्रयोग ग्रांथिक आहे. नित्याच्या बोलण्यात इंग्रज मनुष्य आगीसाठी ‘पुट आऊट’ असे म्हणतो. विजेचा दिवा बंद करण्यास ‘स्विच ऑफ’ म्हणतात. तेथे ‘क्वेंच’ शोभत नाही.

दुसरा, तहान भागविणे. आज हा उपयोग सर्वांत अधिक आढळतो. ‘द क्रो क्वेंच्ट इट्स थर्स्ट’ म्हणजे कावळ्याने आपली तहान भागविली. येथे कर्म ‘थर्स्ट’ हे आहे, मनुष्य नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. पाण्याने मला ‘क्वेंच’ केले असे म्हणत नाहीत. पाण्याने माझी ‘थर्स्ट’ ‘क्वेंच’ केली असे म्हणतात. कर्ता मात्र पिणारा असू शकतो किंवा पेयही असू शकते.

तिसरा, तापलेला धातू एकाएकी थंड करणे. पुरेसा कार्बन असलेले पोलाद लाल होईपर्यंत तापवून झटकन पाण्यात बुडविले, तर त्याच्या अंतर्रचनेत बदल होऊन ते अतिशय कठीण होते. परंतु त्याबरोबर ते ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. काही जिनसांसाठी पाण्याऐवजी तेल वापरतात. तेलात पोलाद अधिक सावकाश थंड होते व तडा जाण्याचे भय कमी होते. या क्रियेस इंग्रजीत ‘क्वेंचिंग’ म्हणतात. आपले कारागीर यालाच हत्याराला ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ असे म्हणतात. येथे एक मौज दिसून येते. इंग्रजाने तहानेत आग पाहिली आणि ती विझविली. मराठी लोहाराने तापलेल्या लोखंडात तहान पाहिली आणि त्यास पाणी पाजले. मात्र ‘शत्रूला पाणी पाजणे’ या आपल्या वाक्प्रचाराचा, म्हणजे पराभव करण्याचा, ‘क्वेंच’शी काही संबंध नाही, हेही मुलांस सांगून ठेवावे.

चौथा, मनातील भावना नाहीशी करणे. ‘क्वेंच’चे कर्म आशा, उत्साह, उमेद असे असेल, तर त्याचा अर्थ ती मारणे, मालवून टाकणे असा होतो, ती पुरी करणे असा होत नाही. सर्वांत अधिक चुका येथेच होतात. याउलट ज्ञानाची जी लालसा कधी पुरी होत नाही तीस ‘अनक्वेंचेबल थर्स्ट’, म्हणजे न शमणारी तहान, असे गौरवाने म्हणतात.

‘स्लेक’ हा सोबती

तहानेच्या संदर्भात ‘स्लेक’ असे दुसरेही एक क्रियापद इंग्रजी पुस्तकांत आढळते. ‘स्लॅक’ म्हणजे सैल, ढिला. त्याच कुळातील हा शब्द आहे. तहानेचा ताण सैल करणे, ती उतरविणे, असा त्याचा भाव आहे. तो ‘क्वेंच’पेक्षाही अधिक ग्रांथिक असल्याने मुलांनी तो ओळखावा एवढे पुरे, वापरण्याचा आग्रह धरू नये.

या शब्दाचा एक उपयोग मात्र खेड्यातील मुलास चांगला समजेल. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे चुनकळी होते. तिच्यावर पाणी घातले की ती तापते, फसफसते, वाफा सोडते आणि फुगून तिची भुकटी होते. रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम ऑक्साइडचा पाण्याशी संयोग होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते व या क्रियेत पुष्कळ उष्णता बाहेर पडते. आपण यास चुना ‘विरणे’ म्हणतो व तयार झालेल्या चुन्यास ‘विरी गेलेला चुना’ म्हणतो. इंग्रजीत त्याचेच नाव ‘स्लेक्ट लाइम’. चुनकळीस ते ‘क्विकलाइम’ म्हणतात. येथे ‘क्विक’चा अर्थ ‘जलद’ असा नसून ‘जिवंत’ असा जुना अर्थ आहे. जिवंत चुना पाणी पिऊन शांत होतो, असे हे चित्र आहे. हा प्रयोग मुलांच्या हातून मात्र करवू नये. उडालेला कण डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते.

मराठी वळणाने होणाऱ्या चुका

मराठीत ‘भागविणे’ हे क्रियापद पुष्कळ कर्मांबरोबर येते. आपण तहान भागवितो, भूक भागवितो, गरज भागवितो, हौस भागवितो. ‘भागविणे म्हणजे क्वेंच’ असे समीकरण एकदा मुलाच्या मनात बसले, की तो या सर्व ठिकाणी ‘क्वेंच’ घालू लागतो. यास्तव पुढील भेद स्पष्ट करावेत.

भूक भागविण्यासाठी ‘सॅटिस्फाय’ हे क्रियापद योजावे. अन्नाने आग विझत नाही. म्हणून भुकेबरोबर ‘क्वेंच’ इंग्रजी कानास खटकते. आपणही ‘पोटात आग पडली’ असे म्हणतो खरे. परंतु ते आपल्या भाषेचे वळण झाले. गरज भागविण्यासाठी ‘मीट’ हे क्रियापद येते. इच्छा वा हौस पुरविण्यासाठी ‘फुलफिल’ किंवा ‘सॅटिस्फाय’ म्हणावे. एखाद्या मुलाने ‘माय फादर क्वेंच्ट माय होप’ असे लिहिले, तर त्याच्या मनात ‘वडिलांनी माझी आशा पुरविली’ असे असते. पण इंग्रजी वाचणारा ‘वडिलांनी माझ्या आशेवर पाणी ओतले’ असाच त्याचा अर्थ घेईल. एका शब्दाने अर्थ उलटा होतो. म्हणून ही चूक केवळ दुरुस्त करून भागत नाही. तिचे कारण समजावून दिले पाहिजे.

दुसरी चूक ‘पिणे’ आणि ‘तहान भागविणे’ एकच मानण्याची. ‘ड्रिंक’ ही क्रिया आहे. ‘क्वेंच’ हे तिचे फळ आहे. समुद्राचे पाणी पिता येते, परंतु त्याने तहान भागत नाही, उलट वाढते. ‘सी वॉटर डझ नॉट क्वेंच थर्स्ट’ हे वाक्य हा भेद चांगला दाखविते. वरच्या इयत्तांत इतिहासातील एक उदाहरणही घ्यावे. दिनांक २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. हे पाणी पिणे केवळ तहान भागविण्यासाठी नाही, तर आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी आहे, असा आशय त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात महाड येथे भरलेल्या परिषदेत मांडला. येथे ‘ड्रँक’ हाच शब्द योग्य आहे. त्याच्या जागी ‘क्वेंच’ घातल्यास सांगावयाचे तेच हरवेल. दोन क्रियापदांतील भेद किती महत्त्वाचा असू शकतो, हे यावरून मुलांच्या मनावर ठसेल.

तिसरी गोष्ट प्रसंगौचित्याची. घरी येऊन ‘आई, मी तृषा शमविली’ असे कोणी मूल म्हणत नाही. त्याचप्रमाणे इंग्रज मूलही नित्याच्या बोलण्यात ‘क्वेंच’ म्हणत नाही. ‘मी पाणी प्यालो’ एवढेच ते म्हणते. ‘क्वेंच’ हा गोष्टीचा, निबंधाचा, वर्णनाचा शब्द आहे.

उच्चार व रूपे

उच्चार ‘क्वेंच’ असा एका आघातात करावा. ‘किवेंच’ असा फोडून करू नये. भूतकाळी रूपाच्या शेवटी ‘ई, डी’ ही अक्षरे असली तरी उच्चार ‘क्वेंच्ट’ असा होतो, ‘क्वेंचेड’ असा नव्हे. तृतीय पुरुषी एकवचनी वर्तमानकाळी मात्र ‘क्वेंचेस’ असे एक अवयव वाढवून म्हणावे लागते. ‘वॉच’, ‘टीच’, ‘कॅच’ या क्रियापदांचेही तसेच होते. ‘थर्स्ट’ हे नाम व ‘थर्स्टी’ हे विशेषण यांतील भेदाचाही याच वेळी सराव घ्यावा.

वर्गातील योजना

पहिली ते चौथीच्या मुलांस ‘क्वेंच’ शिकविण्याचे प्रयोजन नाही. त्यांना ‘आय अॅम थर्स्टी’ आणि ‘मे आय ड्रिंक वॉटर’ ही दोन वाक्ये न भिता म्हणता यावीत, एवढे पुरे. ही वाक्ये पाठ्यपुस्तकापुरती ठेवू नयेत. मुलाने ती म्हटली की त्यास खरोखरच पाणी पिण्यास जाऊ द्यावे. म्हणजे शब्दाने काम होते हा अनुभव त्यास येईल.

सहावी-सातवीत कावळ्याच्या गोष्टीतून ‘क्वेंच’ हा शब्द आणावा. प्रथम अर्थ सांगू नये. फळ्यावर आग, तहानलेला मनुष्य व लोहाराची भट्टी अशी तीन साधी चित्रे काढून प्रत्येकाखाली एक इंग्रजी वाक्य लिहावे आणि तिन्ही ठिकाणी पाणी कोणते काम करते, असे विचारावे. मुले आपल्या शब्दांत सांगतील : विझविते, भागविते, थंड करते, शांत करते. ते सर्व शब्द फळ्यावर घ्यावेत. नंतर या सर्वांना जोडणारी कल्पना शिक्षकाने सांगावी. गावात लोहारसाळ असल्यास एखाद्या दिवशी मुलांना तेथे न्यावे व कारागिराच्या तोंडचे शब्द वहीत टिपून घेण्यास सांगावे. इंग्रजीचा तास म्हणून मराठीचे शब्द दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही. उलट मुलास आपल्या घरचा शब्द जितका स्वच्छ कळेल, तितका परका शब्द त्यास लवकर उमगेल.

सरावासाठी पुढील वाक्ये उपयोगी पडतील. कंसात शब्द देऊन गाळलेल्या जागा भरविण्यापेक्षा मुलांकडून ती मराठीतून इंग्रजीत करवून घ्यावीत व प्रत्येक वेळी हेच क्रियापद का योजले ते विचारावे.

१. वाटसरूने विहिरीच्या पाण्याने तहान भागविली.
२. आईने भाकरी देऊन मुलाची भूक भागविली.
३. पावसाने रानातील वणवा विझविला.
४. लोहाराने कुऱ्हाडीला पाणी पाजले.
५. अपयशाने त्याची उमेद विझली नाही.
६. झोपताना दिवा बंद कर.

पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या वाक्यांत ‘क्वेंच’ चालेल. पाचवे वाक्य करताना ‘अपयश’ हा कर्ता व ‘उमेद’ हे कर्म करून घ्यावे. दुसऱ्या व सहाव्या वाक्यांत ते चालणार नाही. वहीत एखादे अनपेक्षित उत्तर आढळल्यास फुली मारण्यापूर्वी त्या मुलास ते कोठून सुचले हे विचारावे, एवढी माझी शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे. मी ते विचारले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी चूक कबूल केली व वहीतील फुली खोडून तेथे बरोबरची खूण केली. परंतु त्या मुलीचा हात पुन्हा वर होण्यास दिवाळीची सुटी उलटावी लागली. ‘क्वेंच’ हे क्रियापद ज्ञानाच्या तहानेबरोबरही येते आणि मुलाच्या उत्साहाबरोबरही येते. पहिले काम करण्यासाठी आपण वर्गात उभे असतो. दुसरे आपल्या हातून न कळत घडते. व्याकरणात या दोहोंचे क्रियापद एकच असले, तरी शिक्षकाने त्यांतील अंतर विसरू नये.